गणेशखिंडीतली ताऱ्यांची जत्रा

पुणेकरांची चतुःशृंगीची जत्रा नवरात्रात भरते. त्या टेकडीवरून थोडे पुढे, गणेशखिंडीत, फेब्रुवारीच्या अखेरीस आणखी एक जत्रा भरते. इथे पाळणे नाहीत, नवस नाहीत. तिकीट नाही, की वशिल्याचीही गरज नाही. रांग मात्र आहे, आणि ती लागते दुर्बिणीसाठी!

ही जत्रा भरते पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’त, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्रात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधल्या शोधाची आठवण म्हणून देशभर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो. त्या निमित्ताने १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आपली दारे सर्वांना उघडी करते. एरवी जिथे संशोधक फळ्यावर समीकरणे मांडत असतात, तिथे त्या दिवशी शाळकरी मुले, त्यांच्या आया आणि काठी टेकत आलेले आजोबा फिरत असतात.

इमारत चार्ल्स कोरिया यांनी उभी केली आहे. काळ्या दगडाच्या भिंती आणि वरच्या कडेला गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते. आतल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. फोटोसाठी सर्वांत जास्त झुंबड कोणाजवळ, हे सांगायला नकोच. खरे तर थांबावे फुकोच्या लंबकापाशी. नुसता झुलणारा गोळा, पण त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू सरकत जाते, कारण खालची पृथ्वी फिरते आहे. ध्रुवावर ही दिशा एका दिवसात पूर्ण फिरली असती. पुण्याच्या अक्षांशावर तिला सुमारे ७५ तास लागतात. एवढा धीर कोणाकडे असतो? दोन मिनिटे पाहून मंडळी पुढे सरकतात.

मुलांचा ओढा असतो तो मुक्तांगण विज्ञान शोधिकेकडे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींतला एक तारा आणि त्यातच लपलेले पु. ल. काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी अरविंद गुप्तांची खेळणी इथूनच घराघरांत पोचली.

संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. मुलांनी सहीसाठी वह्या पुढे केल्या की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. सही मिळवायला आधी डोके खाजवावे लागे. विज्ञान दिनाला मुलांनी प्रश्न विचारायचे आणि शास्त्रज्ञांनी उत्तरे द्यायची, ही पद्धत त्याच स्वभावातली.

अंधार पडला, आभाळ निरभ्र असले, की खरी जत्रा सुरू होते. डोक्यावर मृग नक्षत्र असते. त्याच्या तलवारीतला धूसर ठिपका दुर्बिणीतून पाहिला की कोणी तरी हमखास कुरकुरते, “एवढेच?” पुस्तकातल्या चित्रात तो गुलाबी-जांभळा असतो, इथे राखाडी धुराचा पुंजका. तो प्रकाश तेराशे वर्षांपूर्वी निघाला आहे, असे दुर्बिणीपाशी उभा असलेला विद्यार्थी सांगतो, तेव्हा तेच गृहस्थ पुन्हा डोळा लावायला वाकतात. मागची रांग चुळबुळते. दर माणशी मिळतात काही सेकंद.

पण रांगेत न उभे राहताही पाहण्याजोगी एक गंमत आहे. साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावे. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली, की क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली अगस्त्य सापडतो. मग उत्तरेकडे वळावे. तेवढ्याच उंचीवर ध्रुव! जो गावाचा अक्षांश, तीच ध्रुवाची उंची. पुण्याचा साडेअठरा अंश. लंडनमध्ये ध्रुव खूप वर दिसतो, पण अगस्त्य क्षितिजावर कधी येतच नाही. आपल्याला दोघांचे दर्शन घडते.

घडायला हवे, असे म्हणणे अधिक बरोबर. अगस्त्य तेजस्वी, तो निभावून जातो. ध्रुव मात्र उत्तरेकडच्या उजेडात चाचपडत शोधावा लागतो. कृत्तिका मोजायला सांगितले तर मुलांची गाडी तीन-चारांवर अडते. खेड्यातल्या काळोखात सहा-सात सहज मोजता येतात. खुद्द आयुकालाही आपल्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी शहरापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, जुन्नरच्या बाजूला गिरवलीला जावे लागले. ती वेधशाळा २००६ मध्ये सुरू झाली. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाच काळोखाच्या शोधात गाव सोडावे लागते, तिथे सोसायटीच्या गच्चीवरून आकाश पाहू इच्छिणाऱ्या मुलाने काय करावे? बाल्कनीतला दिवा तरी विझवता येतो. समोरच्या जाहिरात फलकाचे मात्र कोणाच्याच हातात नसते.

रात्री रांग ओसरते. झोपाळलेली मुले खांद्यावर घेऊन कुटुंबे विद्यापीठाच्या वडांखालून फाटकाकडे चालू लागतात. वडांच्या सावलीत जरा काळोख असतो. तिथे एखादे मूल अजून मुठीवर मूठ ठेवून आकाश मोजत असते, आणि आई म्हणते, “चल, बस जाईल.”