दोन डोंगर, एक हाक

झुडपी बेडकांचं वर्गीकरण करताना माझा सर्वांत जास्त भरवसा आवाजावर असतो. रंगावर मुळीच नाही. एकाच जाळीत एक नर पिवळट, दुसरा काळपट-तपकिरी निघतो आणि फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलात गेले की सगळेच फिके पडतात. नराची हाक मात्र मादीसाठी असते. ती आपल्याच प्रजातीच्या हाकेकडे वळते. निवाडा आधी तिने केलेला असतो. रेकॉर्डिंगसोबत हवेचं तापमान टिपायचंच, कारण गारठ्यात तोच बेडूक संथ बोलतो आणि आलेखावर वेगळाच प्राणी भासतो.

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये प्रजातीची व्याख्या मांडली: निसर्गात आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांशी तसा संबंध नसलेला समूह. एकाच ओढ्याकाठी दोन निराळ्या हाका उठल्या, की ही कसोटी छान लागू पडते. पंचाईत होते ती सह्याद्रीच्या माथ्यांवर. या बेडकांच्या अंड्यांतून थेट इवलं पिल्लूच बाहेर येतं, पाण्यातली डिंभावस्था नाही. ओलसर रान सोडून ते फारसे हलत नाहीत. मध्ये कोरडी दरी असली, तर दोन माथ्यांवरचे बेडूक भेटतच नाहीत. भेटले असते तर जुळलं असतं का, हे कुणाला विचारायचं? तिथे आवाज, मापं, डीएनए, भूगोल सगळं एकत्र तोलावं लागतं. 2014 मध्ये झुडपी बेडकांच्या राऑर्चेस्टीस गटातल्या नऊ नव्या प्रजाती अशाच अनेक पुराव्यांवर वर्णिल्या गेल्या. एखाद्या जनुकात तीन टक्के फरक दिसला म्हणून रेघ ओढणं मला पटत नाही. तो फरक शंका घ्यायला पुरेसा, निर्णयाला नाही.

प्रजातीचं नाव तिच्या मूळ नमुन्याशी बांधलेलं असतं. प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी 1919 मध्ये वर्णिलेला राऑर्चेस्टीस बॉम्बेएन्सिस मुंबईचा नव्हे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कॅसल रॉकचा. महाराष्ट्रातला एखादा बेडूक तोच, असं म्हणायचं तर कॅसल रॉकची हाक ऐकायलाच हवी. विद्यार्थ्यांना ही पायपीट जाचते. पण दोन प्रजाती एकाच नावाखाली दडल्या, तर एकीचा अख्खा डोंगर खाणीत गेला तरी कागदावर ती ‘सर्वत्र आढळणारी’च राहते.

म्हणून जिथे माथे सलग आहेत, तिथे दोन टोकांचे नमुने हाती आले तरी मी विद्यार्थ्यांना मधलं रान ऐकायला पाठवतो. आवाज हळूहळू बदलत गेला, तर नव्या नावाचा विचार सोडायचा. एका जागी एकदम बदलला आणि डीएनएही तिथेच बदलला, तर लिहायला बसायचं.