बोटाला चाप

भूगोलाच्या पुस्तकात पोलादाचं शहर म्हणून भेटलेल्या पिट्सबर्गला आज हरणांचा जाच आहे. परसातली भाजी फस्त करतात, गाड्यांखाली येतात, उद्यानातलं नवं रोप गुडघ्याच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणून पालिकेने २०२३ पासून फ्रिक आणि रिव्हरव्ह्यू या दोन उद्यानांत, आणि पुढच्या वर्षी आणखी काही उद्यानांत, निवडक तिरंदाजांना शिकारीची मुभा दिली. सोडत काढायची, नेमाची परीक्षा घ्यायची, मग आत सोडायचं. हत्यार मात्र धनुष्यच. मचाणावरून खाली मारलेला बाण चुकला तरी मातीत रुततो, गोळीसारखा टेकडीपलीकडच्या वस्तीत जात नाही. आपल्याकडच्या वाचकाला शहरात मचाण ही कल्पनाच गमतीची वाटेल. पण या शिकारीतली खरी निवड धनुष्याची नाही, बाणाचीही नाही. ती दोरी पकडून सोडणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या रिलीजर नावाच्या उपकरणाची आहे. आणि ती करताना बरेच जण प्रश्नच उलटा विचारतात, असं माझं मत आहे. कोणता सहज सुटतो, असं विचारतात. विचारायला हवं, कोणता मला घाई करू देत नाही.

रिलीजर लागतो कशाला, ते आधी बघू. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस ॲलनने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली, १९६९ साली त्याला पेटंट मिळालं आणि कंपाउंड धनुष्य आलं. साठ पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावर बारा-पंधरा पौंडच उरतात, ही त्या चाकांची करामत. पण हे धनुष्य आखूड असतं. ओढलेल्या दोरीचा कोन इतका टोकदार होतो की बोटं चिमटतात. म्हणून दोरीला डी-लूप नावाचा करंगळीच्या नखाएवढा फास बांधतात आणि रिलीजरचा आकडा त्यात अडकवतात. मोगल तिरंदाज अंगठ्यात दगडाची कडी घालत, तिचंही काम हेच. आजचे प्रकार मुख्यतः तीन. मनगटाला पट्ट्याने बांधून तर्जनीने चाप दाबायचा तो एक. मुठीत धरून अंगठ्याने सोडायचा तो दुसरा. तिसऱ्याला, म्हणजे बिजागरीच्या रिलीजरला, चापच नसतो. पाठ आवळत गेली की मूठ बिजागरीसारखी किंचित फिरते आणि आकडा आपसूक सुटतो.

आता घाईचा हिशेब बघा. अठरा मीटरवर धनुष्य एक अंश हललं तर बाण फूटभर बाजूला जातो, आणि हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा त्याहून लहान. बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, म्हणजे त्या अंतराला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज त्याच्या चौपट वेगाने आधी पोहोचतो आणि दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी खाली दबतं. ही चूक हरणाची, तिला इलाज थोडा. आपली चूक मात्र बोटात असते. नेम जुळला असं डोळ्याला वाटताच तर्जनी चापावर झडप घालते, खांदा आक्रसतो, आणि बाण सुटायच्या आत धनुष्य हललेलं असतं. हे इतकं सर्रास होतं की तिरंदाजांनी त्याला नाव दिलंय, टार्गेट पॅनिक. गलोलीने कैऱ्या पाडणाऱ्या पोराला हे कुणी न सांगता कळतं: रबर ताणत असतानाच चामड्याचा तुकडा चिमटीतून निसटू दिला तर खडा सरळ जातो, झटका देऊन सोडला की फांदीला लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जगज्जेत्यांचा. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मिळवले. त्या पातळीवर मुठीतला रिलीजरच जास्त दिसतो, मग शिकाऱ्यानेही तोच का घेऊ नये? कारण ५० मीटरवरचं ८० सेंटिमीटरचं टार्गेट जागचं हलत नाही, आणि पुढच्या बाणाला किती सेकंद मिळणार ते आधीच ठरलेलं असतं. नोव्हेंबरच्या थंडीत, हातमोजे घालून, तीन तास मचाणावर बसलेल्या माणसाच्या खिशातून मुठीतला रिलीजर खाली पाचोळ्यात पडला की दिवस संपला. मनगटाला बांधलेला पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाण नकळत सुटावा हे मैदानावर ठीक, पण हरीण पाय पुढे टाकेल त्याच क्षणी बाण सोडायचा तर ताबा बोटातच हवा. खरं आहे, म्हणूनच बिजागरीचा रिलीजर मचाणावर नको. पण ताबा म्हणजे हलका चाप नव्हे. पट्ट्याचा रिलीजर घ्या, चाप जड करून घ्या, त्यावर बोटाचं पेर नको, दुसरा सांधा आकड्यासारखा बसवा आणि ओढ पाठीची ठेवा. सुटण्याची वेळ तुम्ही निवडता, झडप मात्र घालता येत नाही. उन्हाळाभर सरावाला बिजागरीचा वापरा. पाठीला सवय तोच लावतो. किमतीचं म्हणाल तर महागड्या रिलीजरचा चाप गुळगुळीत असतो, एवढंच. बोट तेच.

गावाकडे हे वाचून कुणाचे हात शिवशिवले, तर रानडुकराकडे मात्र बघू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाला येईल तशी शिकार करता येत नाही. गवताच्या टार्गेटवर बाण मारायला कुणाची ना नाही. आणि रिलीजर हाती आला तरी पहिला महिना धनुष्य काढूच नका. आपल्या ओढीच्या लांबीचा दोरीचा फास करा, एक टोक डाव्या मुठीत, दुसरं आकड्यात, आणि डोळे मिटून फक्त सोडायचा सराव करा. दोरी दहा रुपयांत येते.