टबातलं नीलकमळ



भगवान नमिनाथांचं लांछन नीलकमळ. लहानपणापासून चित्रात पाहिलेलं ते फूल गच्चीवर फुलवायचं, असं गेल्या वर्षी मनात आलं. कंदमूळ आमच्या स्वयंपाकघरात येत नाही, पण हा कंद सूनबाईंनी पुण्याहून आणून दिला!

हे खरं तर कुमुदाच्या कुळातलं. कमळाची पानं पाण्याच्या वर उभी राहतात. याचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. पसरट कुंडीत आपली काळी माती भरली. शेणखत, कोकोपीट घातलं नाही, ते तरंगतं. वर वाळूचा थर दिला आणि कुंडी मोठ्या टबात ठेवली. मातीवर वीतभर गाळलेलं पाणी. याला पाच-सहा तास ऊन लागतं, ते सोलापुरात कमी नाही.

पंधरा दिवसांत चार पानं आली. आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गप्पी मासे सोडा." मासे अळ्या खातात, म्हणून तर सोडायचे. मला ते पटेना. तसंच ठेवावं, तर डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडं ते डास, आठ-दहा दिवसांचं काम. घरात नातू, खालच्या मजल्यावर बाळंतीण.

आई विहिरीचं पाणी गाळायची आणि जिवाणी परत त्याच विहिरीत अलगद सोडायची. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. पण हे पाणी तर मीच साठवलेलं. परत सोडू कुठे?

त्या दिवशी मी टब मातीत ओतला. बी.कॉम. झालेली मी, पण हा जमाखर्च काही जुळेना. संध्याकाळी प्रतिक्रमणात तेच आठवत राहिलं. चूक ओतण्यात नव्हती, पहिल्याच दिवशी पाणी उघडं ठेवण्यात होती. धान्यात किडे झाल्यावर आपण हळहळतो, पण खरी अहिंसा डबा कोरडा नि घट्ट ठेवण्यात असते, हे सासूबाईंनी शिकवलं होतं. ते गच्चीवर न्यायचं मी विसरले.

मग टब घासून पुन्हा भरला. बांबूच्या कामट्यांची कमान केली, तिच्यावर मच्छरदाणीचं कापड ताणलं आणि कडेला नाडीने घट्ट आवळलं. यांची फुलं पाण्याच्या वर येतात, म्हणून कमान उंच हवी. उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, ते जाळीवरूनच घालते. आता अळ्या होत नाहीत.

नंतर आणखी एक कळलं. या फुलाच्या मधोमध पहिल्या दिवशी द्रव साठतो आणि परागासाठी आलेली माशी त्यात बुडून मरते. म्हणजे जाळीने तेही जीव वाचले.

श्रावणात पहिलं फूल आलं. सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, असं तीन-चार दिवस. मी तोडलं नाही. जाळीतून थोडं धूसर दिसतं, पण तिथूनच हात जोडते.

तुम्ही टब आणणार असाल, तर आधी जाळी आणा.