आगगाडीने व्हिएन्नापर्यंत

आमच्या विवाहास पंचवीस वर्षे झाली. परंतु त्यांतील एका छपराखाली काढलेले दिवस मोजले, तर सहा वर्षांहून अधिक भरणार नाहीत. आम्हां उभयतांपैकी एकाचे आयुष्य जहाजाच्या यंत्रघरात गेले आणि दुसऱ्याचे खानापूर तालुक्यातील घर, मुले व वृद्ध मंडळी सांभाळण्यात. यंदा मुलांनी पैसे जमवून दिले, तेव्हा आम्ही ठरविले की पॅरिसहून व्हिएन्नापर्यंत आगगाडीनेच जावे, व तेही केवळ दिवसाच्या गाड्यांनी. रात्रीच्या गाडीत माणूस झोपतो. आम्हांला समोरासमोर बसावयाचे होते.

पॅरिसविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. तेथील गार द लियों स्थानकाचा घड्याळाचा मनोरा १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने उभा राहिला. वरच्या मजल्यावर १९०१ साली उघडलेले, छतावर चित्रे रंगविलेले उपाहारगृह आहे. ती चित्रे दारातूनच पाहून आम्ही पाव, चीज व दोन सफरचंदे घेतली. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : रेल्वेचा पास हाती असला, तरी फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत जागेसाठी निराळे पैसे भरावे लागतात. सुमारे चार तासांत झुरिक आले.

तेथून इटलीकडे जाण्यास दोन वाटा आहेत. २०१६ साली उघडलेला गोट्हार्डचा नवा बोगदा ५७ किलोमीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब रेल्वे-बोगदा आहे. वेळ वाचतो खरा, पण दिसत काही नाही. आम्ही १८८२ सालची जुनी, चढणीची वाट धरली. त्या वाटेवर वासेन नावाचे खेडे आहे व त्याच्या टेकडीवर शुभ्र ख्रिस्तमंदिर आहे. डोंगराच्या पोटात वळसे घेत गाडी चढत असल्यामुळे ते तीनदा दिसते : प्रथम डोक्यावर, मग समोरासमोर आणि शेवटी पायांखाली. आमच्यापैकी एकाला बोगद्यात डोळे मिटून घेण्याची सवय आहे, हे दुसऱ्याला त्या दिवशी प्रथमच कळले. मग प्रत्येक बोगदा संपताच दुसऱ्याने हात दाबून "आता पाहा" म्हणावे, असे ठरले.

मिलानमध्ये केवळ गाडी बदलली. व्हेनिसला लांबलचक पुलावरून, दोहोंकडे पाणी पाहत आम्ही पोहोचलो. तेथील स्थानकाचे नाव सांता लुचिया. त्या जागी संत लुसियाचे मंदिर होते. स्थानकाकरिता ते १८६१ साली पाडण्यात आले व संतेचे शरीर जवळच्या सान जेरेमिया मंदिरात नेण्यात आले. डोळ्यांच्या विकारांत जिची मध्यस्थी मागतात, तिच्यापुढे आम्ही थोडा वेळ गुडघे टेकले.

त्याच सायंकाळी जहाज कंपनीचा निरोप आला : नऊ महिन्यांचा नवा करार, उत्तर तीन दिवसांत. घराच्या कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे आहेत. कालव्याच्या काठी आम्ही बराच वेळ न बोलता बसलो.

"अहो, जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण मला आधी सांगा. मागच्या वेळी पेटी भरल्यावर कळले."

"या वेळी दोघांनी ठरवू."

व्हेनिस ते व्हिएन्ना हा प्रवास जवळजवळ सबंध दिवसाचा. अखेरीस झेमरिंगचा घाट लागतो. व्हेनिसमध्येच जन्मलेल्या कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने आखलेला हा ४१ किलोमीटरांचा मार्ग १८५४ साली खुला झाला. कमानींवर कमानी चढविलेले दगडी पूल आजही गाड्यांचा भार वाहतात. लोंढ्याहून दूधसागराच्या घाटाने उतरणाऱ्या आम्हां मंडळींना ते पाहून परके वाटत नाही. येथेच आम्ही कागदावर हिशेब मांडला : हप्ते, म्हशी, धाकटीची फी. जमले, पण ओढाताणीने. नकाराच्या दोन ओळी लिहिल्या, तोच बोगदा आला. निरोप गेला तो घाट उतरल्यावर, ग्लॉग्नित्स स्थानकापाशी.

व्हिएन्नात संत स्तेफनच्या महामंदिराचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच असून त्याला ३४३ पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी उत्तरेच्या बुटक्या मनोऱ्याकडे जावे. तेथे लिफ्ट आहे. तेथील प्रचंड घंटा १९४५ साली आगीत कोसळून फुटली व तिचाच धातू वापरून १९५१ साली पुन्हा ओतली गेली. आम्ही लिफ्टनेच गेलो.