शरणपूरची माणसे मोंबासात

भडगाव, जि. जळगाव

चि. भाचीस,

मोंबासाहून आलेले पत्र पावले, मजकूर कळला. स्वाहिलीचा अभ्यास बरा चालला आहे, मंडळीतील माणसे आदराने वागतात, राहण्याजेवणाची सोय चोख आहे, आणि तरीही सेवाकार्यात रुजल्यासारखे वाटत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. भाषा पुरती आली की हेही आपोआप मार्गी लागेल, असा निष्कर्षही त्यात काढलेला आहे. प्रश्न खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. त्याच किनाऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या शरणपुराहून गेलेली माणसे मिशनचे काम करीत होती, आणि ती तेथे कोणत्या गोष्टींनी रुजली व कोणत्या गोष्टींनी अडली हे नीट पाहिले, तर भाषेचा प्रश्न बराच मागे पडतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतही ही हकिकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने दिली आहे.

शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील मंडळींनी १७९९ साली काढलेल्या धर्मप्रसारक संस्थेने, १८५४ साली नाशिकच्या शिवेवर वसवली. धर्मांतरामुळे घरादाराला आणि गावकीला मुकलेल्या एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावे, हा तिचा हेतू होता; पुढे तिच्यात आफ्रिकी मुलांचा आश्रम चालू झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान आणि इराणकडे गुलाम नेणारी गलबते ब्रिटिश आरमार भर समुद्रात पकडत असे, आणि त्यांतून सुटलेली, आईबापांचा पत्ता लागण्याची आशा न उरलेली मुले मुंबई बंदरात उतरवून मिशनच्या हवाली केली जात. शरणपुरात त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकी आणि लोहारकी शिकवीत, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी इंग्रजी नावे देत. या नावांत कित्येकदा मिशनरींचीच आडनावे असत: आश्रमाचे प्रमुख विल्यम सॉल्टर प्राइस यांचे आडनाव एका मुलाला मिळाले, त्यांचे ज्येष्ठ सहकारी आयझेनबर्ग यांचे दुसऱ्याला. देणाऱ्यांच्या मनात प्रेम असेलही, पण ज्याचे आडनाव, त्याचा शब्द अखेरचा, ही रीत तेथूनच सुरू झाली असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली नाशिकला येऊन गेले आणि त्यांच्या आफ्रिकेतील शेवटच्या प्रवासासाठी येथील काही तरुण त्यांच्याबरोबर निघाले. १८७२ साली त्यांच्या मदतीसाठी जी तुकडी धाडण्यात आली तिच्यातही शरणपुरात शिकलेले तरुण होते. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याची गोष्ट जराशी जवळून पाहण्यासारखी आहे. १८७३ साली चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थनापुस्तकातील मृताच्या दफनाची उपासना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. नंतर त्या माणसांनी देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यावरील बागामोयोपर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. म्हणजे उपासना चालवण्याची योग्यता, भाषा, अक्षर आणि चिकाटी यांपैकी कशाचीही त्याच्याकडे कमतरता नव्हती. तरी पुढे तो फ्रीअर टाउनला काही काळ राहिला, मग युगांडाकडे गेला, आणि १८९२ साली उरांबो येथे वारला. पाळकपदाची दीक्षा त्याला कधी मिळाली नाही.

फ्रीअर टाउन ही १८७५ साली प्राइस यांनीच मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर, कोंगोवेआच्या परिसरात, सुटका झालेल्या गुलामांसाठी वसवलेली वसाहत. शरणपुरातील आश्रमाची माणसे तेथे नेण्यात आली, आणि त्यांना पुढे ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव पडले. त्यांच्यापूर्वीच, १८६४ साली, जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे याच आश्रमातून त्या किनाऱ्यावर जाऊन राबाई या डोंगराळ गावातील कामाला लागले होते. राबाईत त्या वेळी योहानेस रेबमन हे जर्मन मिशनरी होते. ते १८४६ साली आले, १८७५ पर्यंत राहिले, त्यांनी तेथील भाषांचे कोश रचले आणि अखेर ते आंधळे झाले. एवढ्या वर्षांत त्यांच्याभोवती मंडळी म्हणून जमली ती अगदी थोडी. भाषेवरील प्रभुत्व हाच रुजण्याचा निकष मानला, तर रेबमन यांच्याइतका रुजलेला परदेशी त्या किनाऱ्यावर सापडायचा नाही.

बॉम्बे आफ्रिकन लोकांची अडचण वेगळ्या जातीची होती. आफ्रिकेत जन्मलेली ही माणसे तेथे परकी ठरली, कारण पोशाख, शिक्षण आणि सवयी नाशिकच्या होत्या. युरोपियन मिशनरी त्यांच्यावर शाळा, दुकान, दुभाषेपण आणि उपदेश अशी सगळी कामे टाकीत, परंतु निर्णयाच्या जागी त्यांना बसवीत नसत. पगार, मान आणि अधिकार यांवरून फ्रीअर टाउनमध्ये वारंवार कुरबुरी झाल्या. मिशनच्या इतिहासात या कुरबुरी ‘कृतघ्नपणा’ या सदरात घालण्याची प्रवृत्ती दिसते, ती पक्षपाती आहे. जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ साली डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा दिली, तेव्हा त्यांच्या सेवेला दोन दशके उलटून गेली होती.

जोन्स मात्र राबाईत रुजला. हॅनिंग्टन यांची १८८५ सालीच युगांडाच्या वाटेवर हत्या झाल्यावर मागे राहिलेला तांडा जोन्सनेच सुखरूप परत आणला, आणि येताना तांड्यापुढे निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ (गौरव निघून गेले) हा शमुवेलाच्या पुस्तकातील शब्द लिहिलेले निशाण धरलेले होते. पण त्याच्या रुजण्याचे खरे गमक दुसरीकडे आहे. त्याच्या देखरेखीखालच्या राबाईत धन्यांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळत गेला, आणि मिशनचे वरिष्ठ किनाऱ्यावरील अरब व स्वाहिली मालकांशी वाकडे येऊ नये म्हणून या गोष्टीला नाखूश असतानाही ती वस्ती वाढत राहिली. अखेर १८८८-८९ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला मालकांना भरपाई देऊन सुमारे १४०० माणसे मोकळी करून घ्यावी लागली. आसरा देण्याचा हा निर्णय रेबमन यांच्या कोशातून येण्यासारखा नव्हता. स्वतः गलबतातून सुटलेल्या माणसालाच दारात उभ्या असलेल्या पळपुट्याची बाजू आधी दिसते, आणि वरून हुकूम काय आहे हे त्यानंतर.

आता आपल्याकडे पाहावे. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश प्रचारकाने १८९० साली स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आले. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे काम होते. हे परदेशी पाहुणे मराठी शिकत, वैशाखात महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्यासारख्या थंड जागी जात, आणि पुन्हा बंगल्यावर येत. बंगला ही संस्था समजून घेण्यासारखी आहे: आवार, कुंपण, खानसामा, पत्रव्यवहाराचे टेबल आणि नेमणुका, बदल्या व पगार ठरवणारी कागदपत्रे, हे सगळे तेथे एकत्र असे. मराठी अस्खलित बोलणारा साहेबही संध्याकाळी त्या कुंपणाच्या आत परते; बाहेरच्या अहिराणी बोलणाऱ्या घरात कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत तो आवडीने खाई, पण ते पाहुण्याचे खाणे असे. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यास १९४२ साली सुरू झालेले मिशनचे रुग्णालय आजही आसपासच्या भिल्ल, मावची पाड्यांच्या उपयोगी पडते, तेव्हा त्या पिढीचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. एवढेच, की कामाची उपयुक्तता वेगळी आणि काम करणाऱ्याचे रुजणे वेगळे.

एतद्देशीय बाजूने बंगल्याची हीच सत्ता कवी नारायण वामन टिळकांना खुपत होती. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांच्या मित्रांत परदेशी मिशनरी पुष्कळ होते. आक्षेप होता तो एतद्देशीय मंडळीची सूत्रे पगार देणाऱ्याच्या हाती असण्याला. टिळकांचे पाऊल व्यवहाराच्या दृष्टीने धाडसाचे होते आणि घरच्या माणसांनी त्याची किंमत मोजली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला सांगायला नको.

तेव्हा मोंबासातील अस्वस्थतेचे कारण स्वाहिलीच्या क्रियापदांत शोधण्याआधी थोडा हिशोब तपासावा. मानधन कोठून येते आणि ते किती आहे हे तेथील मंडळीला ठाऊक आहे काय. कामाची आखणी तेथील पाळक करतात की येथून पाठवणारी समिती. आणि त्या पाळकांनी एखादी गोष्ट नको म्हटली तर ती खरोखर थांबते काय. आदराने वागवणारी माणसे बहुधा नको म्हणत नाहीत, कारण पाहुण्याला नको म्हणायचे नसते, आणि पैसा घेऊन आलेल्या पाहुण्याला तर नाहीच. खानदेशात त्या बंगल्यांच्या ओसरीवर बसलेल्या आपल्याच वाडवडिलांनी किती वेळा मनात एक आणि तोंडी एक असे उत्तर दिले असेल, याचा अंदाज घरच्या माणसाला सहज करता येतो. तिकडच्या आदराचा अर्थही त्याच मापाने लावावा.

यावर एक व्यवहार्य तोड दिसते. पुढच्या वर्षाच्या कामाचा आराखडा येथील समितीकडे धाडण्यापूर्वी तेथील मंडळीच्या पंचांपुढे ठेवावा, मानधन त्यांच्याच खजिनदारामार्फत मिळावे अशी लेखी विनंती करावी, आणि त्यांनी सध्याच्या मुलांच्या वर्गाऐवजी दुसरे एखादे कमी मानाचे काम दिले तर ते विनातक्रार घ्यावे. समिती कदाचित कुरकुरेल. समितीला अहवाल आणि छायाचित्रे हवी असतात, आणि खजिनदार बदलला की दोन्हींना उशीर होतो. त्या विनंतीचा मसुदा करून पाठवल्यास येथून समितीच्या सभासदांशी आधी बोलून ठेवता येईल, कारण त्यांपैकी दोघे नाताळात जळगावला येणार आहेत. राबाईस जाणे झाले तर तेथील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शरणपूरच्या माणसांची नावे आहेत काय, हेही पाहून कळवावे.

बाकी सर्व क्षेम. गिरणेला यंदा पाणी बरे आहे आणि केळीचा भावही ठीक आहे.

मामा