परदेशी मुलांकडे जाताना

मंगळवार पेठेतील माझ्या दवाखान्यात अलीकडे एक मागणी वारंवार येते : "डॉक्टर, सहा महिन्यांची औषधे लिहून द्या, मुलाकडे जायचे आहे." मी आधी विचारतो, तेथील आजारपणाचा खर्च कसा भागवायचा हे घरात बोलून झाले आहे काय? बहुधा झालेले नसते.

नव्या देशात मुलगा घरभाडे, पाळणाघर आणि कर्जाचे हप्ते यांत गुंतलेला दिसतो. त्याच्यावर भार नको म्हणून आई रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊ लागते. वडील छातीतील कळ पित्तावर ढकलतात. वाचकहो, अशा काटकसरीतून पक्षाघात ओढवला, तर साऱ्या बचतीवर पाणी पडते.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना ६५ वर्षे वय आणि सलग ५ वर्षे वास्तव्य झाल्यावरच सहसा मेडिकेअर विकत घेता येते. सोबत औषधेही साधारणतः ९० दिवसांपुरतीच नेता येतात. प्रवासी विम्यात जुन्या आजारांवर बऱ्याचदा मर्यादा असतात. त्या वाचा, मधुमेह लपवू नका.

औषधांची व्यापारी नावे देशागणिक बदलतात, म्हणून मूळ नावांची चिठ्ठी जवळ ठेवा. मुलांनो, "बरे आहात ना?" एवढ्यावर थांबू नका, उरलेल्या गोळ्या मोजा. आणि आईवडिलांनो, गोळ्या संपण्याच्या पंधरा दिवस आधी निःसंकोच सांगा. पोटच्या मुलाकडे औषध मागण्यात कसला आला कमीपणा?