समेवाचून लय

वाईला गेलो की मेणवलीच्या घाटावर जाऊन तेथील घंटा पाहावयाची, हा आमचा जुना नेम आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतलीच ही एक, असे सांगतात. आम्हा वसईकरांना तिच्यापुढे उभे राहिले की थोडा हक्क वाटतो आणि थोडे परकेपणही वाटते.

गेल्या खेपेस मात्र आम्ही आधी अण्णांकडे गेलो. अण्णा हे आमचे वाईतले स्नेही. भजनाकीर्तनाला चाळीस वर्षे पखवाजाची साथ केलेले. वहिनी गेल्यापासून वर्षभर त्यांनी वाद्याला हात लावला नव्हता. डाव्या अंगाला कणीक लागली नव्हती. आम्ही बरोबर एक ध्वनिमुद्रिका नेली होती आणि, खरे सांगावयाचे तर, पुष्कळसा अभिमानही नेला होता.

ती रचना म्हणजे फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांची ‘तुरांगालीला’ सिंफनी. तुरंग म्हणजे घोडा, धावणारा काळ, आणि लीला. १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेल्या या रचनेचे दहा भाग आहेत. १९४९ साली बोस्टन येथे लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. मेसियाँ हे श्रद्धावान कॅथोलिक. १९३१ पासून १९९२ साली मृत्यू येईपर्यंत ते पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते. तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात त्यांना शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांची यादी सापडली, आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली. तो शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होता. एवढे धागे हाती आल्यावर आम्हांला धीर कसा निघावा? आमच्या धर्मग्रामातील एका व्याख्यानात आम्ही ठणकावून सांगितले होते की, ही सिंफनी आपल्या देवगिरीच्या तालांत वाजते.

ध्वनिमुद्रण १९९० सालचे, पॅरिसच्या बास्तीय ऑपेराच्या वाद्यवृंदाचे. संचालक म्युंग-व्हुन चुंग. पियानोवर मेसियाँ यांच्या पत्नी इव्होन लोरियो आणि ओंद मार्तनो या विद्युत्‌वाद्यावर तिची बहीण जान. वृद्ध मेसियाँ स्वतः ध्वनिमुद्रणास उपस्थित होते.

अण्णा मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागले. पाचवा भाग आला. द्रुत, आनंदाने बेभान, पितळी वाद्यांनी दणाणणारा. आपल्या पेटीच्या भाषेत बोलावयाचे तर काळी एकचा सूर. अण्णांची बोटे पुन्हा पुन्हा पुढे जात आणि चुकत. कपाळाला आठी पडली. शेवटी त्यांनी विचारले, “मास्तर, सम कुठे आहे?”

आम्ही गडबडलो. लघू, गुरू, प्लुत यांच्या जोडण्या मेसियाँ यांनी कशा घेतल्या ते सांगू लागलो. धेंकी तालाचे उदाहरण दिले: गुरू, लघू, गुरू, उलट वाचला तरी तोच. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. “हे मात्रांचे माप झाले. पण आवर्तन नाही, ठेका नाही, परतून येण्याची जागा नाही. मग याला ताल कसे म्हणावे? तुमच्या मेणवलीच्या घंटेसारखेच हे. धातू वसईचा, नाद खणखणीत; पण आंजेलसची वेळ ती इथे सांगत नाही.”

उत्तर नव्हते. मेसियाँ यांच्या हाती छापील यादी आली होती, ताल धरणारा हात आला नव्हता. त्या मापांतून त्यांनी जे उभारले ते त्यांचे स्वतःचे. आमचा अभिमान देवगिरीचा कमी आणि आमचाच अधिक होता.

तेवढ्यात सहावा भाग सुरू झाला. ‘प्रेमनिद्रेचे उद्यान’ असे त्याचे नाव. काळी तीनचा षड्ज, अतिशय विलंबित गती. आवाज दाबलेली तंतुवाद्ये एक लांब, कोवळी धून धरतात. ओंद मार्तनो तिच्यासोबत मींड घेत सरकते. वर पियानो पाखरांसारखा तुटक किलबिलतो. संचालकाने येथे घाई मुळीच केलेली नाही. पूर्वी घरी ऐकताना आम्ही हा भाग कित्येकदा पुढे ढकलला होता. तो कोठे पोहोचतच नाही, ही आमची तक्रार. सुमारे बारा मिनिटे!

अण्णांची बोटे एक-दोनदा हलली आणि थांबली. मग तळहात मांडीवर पालथा पडून राहिला. भाग संपला तेव्हा बाहेर घाटावर भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“इथे मोजावेसे वाटले नाही,” ते म्हणाले. “ती गेल्यावर रात्री अशाच जातात. लोक म्हणतात, समेवर या, अण्णा. कुठली सम? पण यात भीती नव्हती हो. हा माणूस सम नसताना स्वस्थ बसला आहे.”

नंतर म्हणाले, “तेवढेच पुन्हा लावा.”

आम्ही लावले. या खेपेस गती आम्हांला संथ वाटली नाही. मेसियाँ यांच्या श्रद्धेत अनंतकाळाचा विचार सतत असे. अनंतकाळ म्हणजे फार लांबलेला काळ, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. परतून यावयाची घाई जेथे उरत नाही ती अवस्था, हा अर्थ आम्हांला पखवाज्याच्या पालथ्या हाताने दाखविला.

मुद्रिका आम्ही त्यांच्याकडेच ठेवली. पखवाजाची गवसणी मात्र निघालेली पाहिली नाही, आणि आम्ही तसा आग्रहही धरला नाही. दुसऱ्या दिवशी मेणवलीला जाऊन घंटा पाहिली. वसईला परतल्यावर, पुढच्या बैठकीत, त्या व्याख्यानातील आमचे विधान आम्ही मागे घेतले.